रंग सगळ्यात शेवटी

२ नोव्हेंबर, रविवार

रंगारी येऊन आतली खोली बघून गेला. पांढरा लाव म्हटलं. "कुठला पांढरा?" — त्याच्या कार्डावर पांढऱ्याच्याच दोन ओळी. मला सगळे सारखेच पिवळट दिसले. म्हटलं, तुझ्या मनानं लाव, फक्त उजेड पडला पाहिजे.

खोली अंधारी झालीय हे मात्र खरं. हिनं जायच्या आधीच्या वर्षी हौसेनं रंगवून घेतली होती. तो रंग मला तेव्हाही कळला नव्हता. राखाडी म्हणावा तर राखाडी नाही, शेवाळी म्हणावा तर तेही नाही. मी कामावरून आलो तेव्हा दारातच उभी होती. "कसा वाटतो?" म्हणाली. मी बूट काढत म्हणालो, "बरा आहे. जरा मळकट." पुढे कधी तो विषय निघाला नाही. आता ही नाही, आणि त्या रंगात एकट्यानं झोपायचं. दोनदा दिवा बदलला, जास्त उजेडाचा आणला. काही फरक नाही.

लेकीचा फोन, रविवारचा. खोली पांढरी करून घेतोय म्हणालो तर गप्पच झाली. मग, "नक्की ना बाबा?" म्हटलं नक्की. "ठीक आहे. तुम्हाला बरं वाटेल तसं करा." नंतर नेहमीचं पुराण — डोळे दाखवलेत का. तिला सांगितलं, अगं, माझा वाचायचा चष्मा सुटला! साठीला आलेल्या किती जणांचा सुटतो? मुंगीचे पाय मोजून दाखवतो म्हटलं. हसली नाही.

किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. उद्या खाणीवर निघायचं. हातोडी, छिनी, भिंग, आम्लाची बाटली, दगड घासून बघायची पांढरी फरशी — सगळं भरलं. या पेनाची शाई हल्ली भेसळीची येते. अगदी काळपट उमटते.

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो. खडीची खाण. काळ्या दगडाचा उभा कडा, खाली यंत्रं, वर धुळीचा पडदा. राहायला खाणीचंच विश्रामगृह आहे. मोठी इमारत, सहा खोल्या, आणि राहणारा मी एकटा. जेवणघरात लांबलचक टेबल. मी एका टोकाला बसलो. स्वयंपाकाच्या मावशी ताट ठेवून आत गेल्या, मग आतून रेडिओ लागला. भिंतीपलीकडून का होईना, माणसाचा आवाज.

काम सोपं आहे. कड्यात एक पोकळी उघडी पडलीय. मागच्या आठवड्यात मॅनेजरनं ऑफिसला कळवलं, "आमची माणसं म्हणतात आत निळं काहीतरी आहे." म्हणून मला पाठवलं. गुरुवारी सकाळी तिथं सुरुंग लागणार. त्याआधी मी बघून सांगायचं — जपण्यासारखं असेल तर थांबा, नसेल तर उडवा. माझ्या शब्दावर सगळं.

निळं! लोकांना हिरवं दिसलं तरी निळं म्हणतात, करडं दिसलं तरी निळं. चौतीस वर्षांत शंभरदा तरी असा निरोप आला असेल, आणि खरोखर निळं निघालं ते एकदाच.

मॅनेजर तरुण आहे. सारखा घड्याळ बघत बोलतो. "बुधवारपर्यंत झालं तर बरं, साहेब." म्हटलं, उद्याच होईल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झालं. नेहमीचंच निघालं.

शिडी लावून वर गेलो. पोकळी बरी मोठी, आत खांद्यापर्यंत हात जातो. तळाशी स्टिल्बाइटचे पांढरे गुच्छ, आणि त्यांच्यावर बोराएवढे गोळे, एकेकटे बसलेले. हिरवट करडे. प्रेहनाइट. जुन्या लाव्हाच्या खडकात पोत्यानं मिळतं. दोन तुकडे सोडवून पिशवीत टाकले ते निव्वळ सवयीनं. पाठ धरली होती, उन्हानं डोळ्यांपुढं चांदण्या येत होत्या. हल्ली ऊन सोसतच नाही.

खाली येऊन मॅनेजरला सांगितलं, "नेहमीचं आहे. उडवा." त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. स्वतः चहा आणून दिला. सुरुंगवाला शेजारीच होता. पुटपुटला, "उगीच आठवडा घालवला." कप ठेवून निघाला.

परत खोलीत. कुणाला सांगायचं, आज काय पाहिलं ते? पूर्वी कामावरून फोन करायचो. "काय सापडलं?" ही विचारायची. "दगड," मी म्हणायचो. "आणि?" — "आणखी दगड." एवढंच बोलणं. पण रोज.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बॅग भरताना कालचा तुकडा हातात आला. टाकून द्यायच्या आधी खिशातल्या चाकूचं टोक त्याच्यावरून ओढलं. का ओढलं, माहीत नाही. बोटांची खोड.

ओरखडा पडला.

बसलोच खाली. प्रेहनाइटवर चाकू चालत नाही, उलट चाकूचंच पातं घासून निघतं. म्हणजे हे प्रेहनाइट नाही. आणि मी शिडीवर एक नजर टाकून "उडवा" म्हणून आलो!

बॅग उपसली, सगळं बाहेर काढलं. आमचे सर वर्गात टेबलावर खडू आपटून सांगायचे, "रंग सगळ्यात शेवटी! रंग बहुरूपी आहे. आधी आकार बघा, कठीणपणा बघा, आम्लाला विचारा. रंगाला शेवटी विचारा, आणि त्याचं ऐकायचं की नाही ते मग ठरवा." मी काल रंगाला पहिलं विचारलं. पहिल्या वर्षाचं पोर असतं तर कान धरून बाहेर काढलं असतं मी.

आम्लाचा थेंब टाकला. बुडबुडा नाही. तांब्याचं निळं-हिरवं खनिज असतं तर फसफसलं असतं. भिंगाखाली धरलं. गोळा एकसंध नाहीच. मधल्या बिंदूपासून चहूकडे निघालेल्या बारीक सुया, प्रत्येकीचं टोक चकाकतं. खाली स्टिल्बाइट, चहूकडे काळा लाव्हा. आकार, कठीणपणा, आम्ल, बैठक — सगळे साक्षीदार एकच नाव सांगत होते. कॅव्हन्साइट.

साऱ्या पृथ्वीवर मोजक्या जागी सापडतं हे. मला आयुष्यात एकदाच सापडलं होतं.

पण कॅव्हन्साइट निळं असतं. थोडंथोडकं नाही, बघणाऱ्याला ओरडायला लावणारं निळं. हिरवट करडं नसतंच ते. हा तुकडा खिडकीत धरला, दारात धरला, अंगणात नेऊन धरला. करडाच.

मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, अजून ठरत नाही, थोडं थांबा. तो खुर्चीत मागं रेलला. "काल तर ठरलं होतं, साहेब. भोकं पाडून झालीयत. सगळ्यांना उद्याचं सांगितलंय." म्हटलं, सकाळपर्यंत. "सकाळी पक्कं सांगा मग," म्हणाला, "एक तर हो, नाही तर नाही." कालचा चहा काही आज मिळाला नाही.

दुपारभर खोलीत येरझाऱ्या. मग डबी आठवली.

भिंगाच्या पिशवीत खालच्या कप्प्यात एक पत्र्याची डबी असते. ही गेल्यावर तिच्या खणातून काढून घेतली. उघडली मात्र कधी नाही, उघडवतच नाही. तिच्यात माझं ते एकमेव कॅव्हन्साइट आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका विहिरीच्या खोदकामात सापडलं. एवढं निळं की मी विहिरीच्या तळातून ओरडलो, वरच्यांना वाटलं साप निघाला. त्यातला एक खडा लग्न ठरलं तेव्हा हिला दिला. अंगठी घ्यायची ऐपत नव्हती. ही म्हणाली, "अहो, अंगठी सगळ्यांचेच देतात."

तिनं तो जपला. कुणाला हात लावू द्यायची नाही. फक्त एकदा, खोली रंगवायच्या दिवसांत, तो खडा डबीसकट घेऊन माझ्या टेबलाशी आली, म्हणाली, "अहो, हा दोन दिवस बाहेर नेते हं. काम आहे." मी कागदांतून डोकं वर काढलं नाही.

आज डबी उघडली. आतून झाकणाला रंगाचा एक ठिपका वाळून बसलेला, मळकट. कसला, देव जाणे. खडा बाहेर काढून कालच्या तुकड्याशेजारी खिडकीच्या चौकटीत ठेवला.

दोन्ही सारखे. त्याच सुया, तीच चकाकी. आणि दोन्ही हिरवट करडे.

आधी वाटलं, जुन्याचा रंग उडाला. पण बंद डबीत, खणाच्या अंधारात रंग कसा उडेल? मग हे पेन उचललं. काळपट शाई म्हणून ज्याला शिव्या घालतो, तेच. कांडीवरचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचलं — निळी. बाहेर पाहिलं. आकाश गेली दोन-तीन वर्षं धुरकट झालंय. मी धुराला नावं ठेवत होतो. रंगाऱ्याचे पांढरेही सगळे पिवळट होते!

दगड बरोबर आहे. शाई बरोबर आहे. आकाशही बरोबरच असणार.

माझे डोळे चुकतायत.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू. आंधळा होतोय काय मी? या डोळ्यांवर घर चाललं, मुलगी शिकली. आणि सगळ्यात वाईट ते वेगळंच — एक साधी गोष्ट विचारायला माणूस नाही. "हा दगड कुठल्या रंगाचा आहे?" एवढंच. मॅनेजरला विचारलं तर उद्या ऑफिसभर होईल. मावशींना विचारलं तर त्या काळजीनं दहा जणांना सांगतील. लेकीला विचारलं तर पुढच्या गाडीनं येऊन उचलून नेईल. ही असती तर विचारलं असतं. तिनं सांगितलं असतं आणि कुणाला कळू दिलं नसतं.

गप्प बसलो तर? तुकडे पिशवीत आहेतच. पोकळी उद्या सकाळी खडी होईल, कुणालाही कळणार नाही. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेत. चौतीस वर्षांचं नाव शाबूत.

असं मनात आलं. लिहून ठेवतो, आलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उजाडताच मॅनेजरच्या ऑफिसात गेलो. सुरुंगवाला तिथंच हेल्मेट घालून तयार. म्हटलं, थांबवा. दुर्मीळ आहे. मंगळवारी चुकलो.

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. "मंगळवारी नेहमीचं, आज दुर्मीळ. दगड बदलला की तुम्ही?"

रागानं म्हणाला, पण प्रश्न बरोबर होता. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हणालो, "मला रंग नीट दिसत नाहीत. काल कळलं. बाकी सगळ्या परीक्षा केल्यात, त्यात चूक नाही. रंग तेवढा तुम्ही सांगा." आणि तुकडा त्याच्यापुढं धरला.

त्यानं तुकडा घेतला, दारात गेला, उन्हात धरला.

"निळा," म्हणाला. मग परत बघून, वेगळ्याच आवाजात, "अहो, काय निळा आहे हा! असा निळा मी पाहिलाच नाही कधी."

मी अहवालात लिहिलं, रंग निळा. डोळ्यांना करडा दिसत असताना निळा लिहिलं. हात जरासा थांबला.

पुढचं सगळं सुरुंगवाल्यानं केलं. कुरकुरला, पण भोकांची रांग पोकळीपासून लांब नेली, अख्खा भाग चहूबाजूंनी कापून दोरावरून खाली उतरवला. बाळंतिणीला उतरवावं तसा. खाली पोचल्यावर सगळी माणसं गोळा झाली, एकमेकांना दाखवत होती. मी मागं उभा होतो. त्यांना जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. माझाच शोध, आणि मीच बाहेरचा.

निघताना मॅनेजर गाडीपर्यंत आला. "साहेब, गाडी आमचा ड्रायव्हर चालवेल. तुम्ही मागं बसा." चांगुलपणानं म्हणाला. तरी लागलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वाटेतून मोठ्या साहेबांना फोन. "आधी डोळे दाखवून घ्या, मग बघू." या "मग बघू"चा अर्थ मला चांगला कळतो. कितीतरी जणांना मीच तो ऐकवलाय.

लेकीलाही सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. रडली. घरी न जाता सरळ तिच्याकडे आलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगले पिकलेले. बाटलीच्या पिवळ्या काचेतून जग बघत होतात म्हणाल्या. निळा सगळ्यात आधी जातो, आणि इतक्या हळूहळू जातो की माणसाला पत्ता लागत नाही. म्हटलं, पण माझा चष्मा सुटला की! त्या हसल्या. "तीच तर खूण आहे, काका. मोतीबिंदू असा पिकायला लागला की जवळचं काही दिवस छान दिसतं." लेक माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या अक्षरांकडे.

काकूंचा फोन आला होता. रंगारी येऊन काम करतोय, काळजी करू नका म्हणाल्या. बरं झालं, एक काम उरकलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उजवा झाला. दुखलं नाही. अक्षर वाकडं येतंय. बास.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पट्टी काढली.

नर्सचा कोट पांढरा. इतका पांढरा की डोळे मिटले. मग एक गंमत कळली — डावा डोळा मिटला की खिडकीबाहेर आकाश, उजवा मिटला की तीच जुनी धुरकट पिवळी काच. लेकीच्या घरी येईपर्यंत गाडीत हाच खेळ. लेक म्हणाली, बाबा, लोक बघतायत, डोळे मारताय असं वाटेल त्यांना.

आल्याबरोबर डबी उघडली. खडा निळा. विहिरीच्या तळातला तोच निळा, जसाच्या तसा. इतकी वर्षं खडा निळाच होता.

मग झाकणाकडे लक्ष गेलं. तो वाळलेला ठिपका. तोही निळा. खडा त्याच्यावर टेकवला तर कुठं खडा संपतो आणि कुठं ठिपका सुरू होतो ते कळेना.

लेकीला हाक मारली. हे काय आहे गं?

तिनं झाकण हातात घेतलं आणि माझ्याकडेच बघत राहिली. "बाबा, तुम्हाला माहीत नाही? आई हा खडा घेऊन रंगाच्या दुकानात गेली होती. खोलीसाठी. अगदी असाच पाहिजे म्हणाली. दुकानदारानं तीनदा कालवला, तिनं तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा झाकणावर लावून, वाळवून बघितला, तेव्हा हो म्हणाली. तुम्ही रोज सकाळी उठून तोच निळा बघावा म्हणून."

मला तो कधी दिसलाच नाही म्हणालो.

"आणि मला वाटलं," ती म्हणाली, "तुम्हाला तो बघवत नाही म्हणून पांढरा लावताय. म्हणून मी गप्प बसले."

काकूंना फोन लावला. रंगारी शनिवारीच काम संपवून गेला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डावाही झाला. घरी आलो. काकू दारातच, "कसं लख्ख झालं ना?" हो म्हटलं.

चारी भिंती पांढऱ्या. पलंगावर बसलो, मग उठून कपाट एकट्यानं ओढलं. रंगाऱ्यानं जड म्हणून हलवलं नव्हतं. मागं कपाटाएवढी भिंत तशीच राहिलीय, जळमटांसकट.

कसा वाटतो, विचारलं होतंस.

निळा आहे गं.